स्वप्नाचा अर्थ आणि दक्षिणेचा हिशेब

अंधश्रद्धा, सण-उत्सव आणि स्वप्नांचे शुभाशुभ यांविषयी आपल्याकडे दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे अनादी आहे म्हणून पवित्र आहे. दुसरा म्हणतो, हा निव्वळ अडाणीपणा आहे, त्याची चर्चा कशाला? पहिला पक्ष उगमाचा प्रश्न विचारू देत नाही. दुसऱ्याला तो विचारण्याची गरजच वाटत नाही. परिणाम एकच होतो. ज्या समजुती कोट्यवधी श्रमिकांच्या जीवनावर सत्ता गाजवतात, त्या कोठून आल्या आणि कोणाच्या उपयोगी पडल्या, हे अंधारातच राहते. हा उगम शोधावयाचा तर काशीइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तेथे पुण्य जोडण्यास गेली. आपण तेथे इतिहास वाचण्यास जाऊ.

प्रथम स्वप्नांचा विचार करू. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिपिबद्ध झालेल्या पाली जातककथांत महासुपिन जातक नावाची कथा आहे. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला सोळा भयंकर स्वप्ने पडतात. तो पुरोहितांना अर्थ विचारतो. राज्य, प्राण किंवा संपत्ती यांपैकी एकावर संकट आहे, असे ते सांगतात आणि शांतीसाठी चौरस्त्या-चौरस्त्यावर पशुयज्ञ करण्याचा उपाय सुचवतात. यज्ञाची तयारी सुरू होते. तेव्हा एक तरुण शिष्य गुरूला विचारतो की, जीव घेतल्याने जीव वाचतो, असे कोणत्या वेदात आहे? यातून आपल्याला पुष्कळ धन मिळणार आहे आणि तुला मात्र राजाच्या खजिन्याची चिंता पडली आहे, असे गुरू त्याला सुनावतो. शेवटी एक तपस्वी राजाचे भय दूर करतो आणि यज्ञ थांबतो.

ही कथा बौद्ध भिक्षूंनी आपल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सांगितली, हे उघड आहे. तथापि त्या सोळा स्वप्नांतील काही स्वप्ने पाहण्यासारखी आहेत. एका स्वप्नात राजवाड्याच्या दारी एक भरलेला रांजण आहे आणि त्याच्याभोवती अनेक रिकामे रांजण आहेत. चारी दिशांनी, चारी वर्णांचे लोक पाणी घेऊन येतात आणि भरलेल्या रांजणातच ओततात. रिकाम्यांकडे कोणी पाहत नाही. तपस्वी अर्थ सांगतो: पुढे अशी राजवट येईल की रयत राजाची कोठारे भरण्यासाठी राबेल आणि तिच्या स्वतःच्या कणग्या रिकाम्या राहतील. दुसऱ्या एका स्वप्नात घोडा दोन तोंडांनी चारा खातो. याचा अर्थ दोन्ही पक्षांकडून लाच घेणारा न्यायाधीश असा दिला आहे.

येथे स्वप्नार्थाचा उगम उघडा पडतो. भय खरे असते. करांचे, अन्यायाचे, दुष्काळाचे आणि आजाराचे भय माणसाच्या झोपेतही शिरते. मात्र त्या भयाचे कारण ग्रहांत आणि देवाच्या कोपात आहे असे सांगून त्यावर दक्षिणा आकारली, की भयाचा धंदा होतो. म्हणून कोणत्याही समजुतीपुढे दोन प्रश्न ठेवले पाहिजेत: तिच्या तळाशी कोणते भय आहे, आणि त्या भयाची दक्षिणा कोण घेतो?

हेच प्रश्न उत्सवांना लावून पाहा. काशीसमोर गंगेच्या पैलतीरावर रामनगरची रामलीला सुमारे महिनाभर चालते. ती अनादी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराज उदितनारायण सिंह यांच्या काळात तिला आजचे रूप येऊ लागले. त्यापूर्वीच, १७७५ मध्ये, बनारस प्रांत अवधच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि १७८१ च्या उठावानंतर राजा चेतसिंहाची गादीही गेली होती. ज्याच्या हाती खरी सत्ता उरली नव्हती, त्या राजघराण्याने हत्तीवर बसून रामराज्याचा सोहळा मांडला आणि प्रजेच्या मनातील आपले स्थान राखले. दशाश्वमेध घाटावर आज रोज संध्याकाळी होणारी भव्य गंगाआरतीही सध्याच्या स्वरूपात १९९० च्या दशकातली आहे. पाहणाऱ्याला मात्र ती पुराणकाळापासून चालत आल्यासारखी वाटते.

तथापि उत्सव म्हणजे केवळ राजाचा डाव, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. रामलीलेत कारागीर, नावाडी, शेतकरी आणि सामान्य स्त्रिया वर्षभराच्या कष्टांतून मोकळ्या होतात. पिढ्यान्‌पिढ्या तिचे पुतळे घडवणाऱ्यांत मुसलमान कारागीरही आहेत. लोकांचा आनंद लोकांचाच असतो. त्यावरची मालकी मात्र दुसऱ्याची होऊन बसते.

आता काशीची सर्वात मोठी समजूत पाहू. काशीत मरण आले तर मोक्ष, आणि मगहरला आले तर पुढचा जन्म गाढवाचा! एका भूमीची थोरवी वाढवावयाची तर दुसरी हीन ठरवावी लागते. या समजुतीवर धर्मशाळा, घाट, पंडे आणि सरणाच्या लाकडांचे व्यापारी पोसले गेले. मणिकर्णिकेवर चितेचा अग्नी डोम समाजाच्या हातून घ्यावा लागतो. मोक्ष देणारा अग्नी ज्याच्याकडून घ्यावयाचा, त्याच माणसाला शतकानुशतके अस्पृश्य मानले गेले. काशीच्या विणकरांत वाढलेल्या कबीराने या समजुतीला आपल्या मरणानेच उत्तर दिले. परंपरा सांगते की आयुष्याच्या अखेरीस तो काशी सोडून मुद्दाम मगहरला गेला. तेथे आज त्याची समाधी आणि मजार शेजारीशेजारी उभी आहेत.

उगम शोधण्याची ही दृष्टी मराठी वाचकाला परकी नाही. गोव्यातून निघालेले धर्मानंद कोसंबी १९०० च्या सुमारास काशीला पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी १९२९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले. याच गणितज्ञाने पुढे मार्क्सवादी दृष्टीने भारतीय इतिहासाची मांडणी केली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथासाठी ते पुण्याच्या आसपासची खेडी पायी हिंडले आणि म्हसोबा व मातृदेवतांची ठाणी त्यांनी पाहिली. देवाच्या शेंदरात त्यांना जुन्या रक्तबळीची खूण दिसली. यात्रांच्या वाटांत पशुपालकांच्या हंगामी भटकंतीच्या वाटा दिसल्या. त्यांनी धनगराची टवाळी केली नाही. त्याला प्रश्न विचारले आणि त्याची उत्तरे नोंदवून घेतली.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. २ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात एका बाबाच्या सत्संगात चेंगराचेंगरी होऊन १२१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांना भोळ्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या घरात आजार आहे आणि दवाखाना दूर आहे, कर्ज आहे आणि काम नाही, त्या घरातील बाई बाबाच्या दारी का जाते, हे समजून घेणे अवघड आहे. आणि तेच आपले काम आहे.

महाराष्ट्राने या कामाची किंमत मोजली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. दाभोलकरांचा विरोध देवाला नव्हता. देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला होता. आणि दक्षिणेचा हिशेब मागणारा माणूस हितसंबंधीयांना नास्तिकापेक्षाही अधिक धोक्याचा वाटतो. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्येच राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला शिक्षा देऊ शकतो. भोंदूला गिऱ्हाईक मिळवून देणारी परिस्थिती तो बदलू शकत नाही.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी दोन्ही कामे एकत्र केली पाहिजेत. वस्तीत दवाखाना, शाळा, रेशन आणि रोजगार यांसाठी लढताना, समजुतींचा उगम लोकांच्याच भाषेत, त्यांच्याच देवळाच्या आणि जत्रेच्या उदाहरणाने सांगितला पाहिजे. श्रद्धेची टवाळी करणारा कार्यकर्ता घाबरलेल्या माणसाला पुन्हा भोंदूच्या दारात ढकलतो. नुसते दवाखान्याचे निवेदन देऊन परतणारा कार्यकर्ता त्याचे भय जागच्या जागी ठेवतो. जातकातला तो रांजण आजही भरलेलाच आहे आणि भोवतालचे रिकामेच आहेत. पाणी कोण आणते आणि ते कोठे जाते, हे ज्याला एकदा दिसले, तो स्वप्नाचा अर्थ विचारायला पुरोहिताकडे जाणार नाही.