खतावणीत नसलेला आजार

आबिड्सच्या फुटपाथावर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. अकाउंटन्सीचे पुस्तक स्वस्तात मिळेल म्हणून मी गेलो आणि घेऊन आलो वैद्यकशास्त्राचे एक पुठ्ठा सुटलेले पुस्तक! मित्र हसले. म्हणाले, "काय रे, बी.कॉम.ला आता पॅथॉलॉजी लावली की काय?" त्यांना काय सांगणार? त्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत ज्या रोगाचे नाव होते, तो गेल्या वर्षी आमच्या घरी येऊन गेला होता.

माझ्या मामांचे पोस्ट ऑफिसमागच्या गल्लीत वह्या-पेनांचे लहानसे दुकान. शटर ओढताना त्यांच्या पायाला लागले. हळद भरली, औषधांच्या दुकानातून चार गोळ्या आणल्या आणि मामा पुन्हा गल्ल्यावर बसले. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले. आम्ही म्हटले, तापाची ग्लानी असेल, सकाळी पाहू. बीदरची आमची आजी तेवढी म्हणत राहिली, "नंजु, नंजु." कन्नडमध्ये नंजु म्हणजे विष. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "सेप्सिस." दोन दिवसांनी मामा गेले. दाखल्यावर मात्र लिहिले होते : हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.

मित्रहो, हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतो? सरकारी नमुन्यातच सूचना असते की मरणाची रीत लिहू नका, मरणास कारण झालेला रोग लिहा. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की खर्च चुकीच्या खात्यावर टाकला, तर ताळेबंद जुळतो, पण धंदा कशात बुडतो आहे ते मालकाला कळत नाही. सेप्सिसचे नेमके हेच झाले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात मृत्यूंच्या नोंदी नव्याने तपासल्या गेल्या. त्यानुसार एकट्या २०१७ साली सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. जगातील दर पाच मृत्यूंमागे एक! हा आकडा आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट निघाला. एवढा खर्च इतकी वर्षे दुसऱ्याच खात्यांवर पडत होता.

हा रोग आहे तरी काय? माझ्या जुन्या पुस्तकाचे म्हणणे आजीसारखेच आहे : जंतूंचे विष रक्तात भिनते. आजचे शास्त्र पुढे गेले आहे. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच ताळतंत्र सोडतो आणि मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू असे अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. दुकानाला आग लागली आणि विझवताना मारलेल्या पाण्याने सगळा माल भिजून गेला, तसे हे. आणखी चमत्कारिक गोष्ट अशी की त्याच वेळी प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी पुष्कळ मरतात, उरलेल्या थकतात. म्हणून पहिल्या तडाख्यातून वाचलेला रोगीही दुसऱ्या जंतूला बळी पडतो. एकाच शरीरात अतिरेकही आहे आणि दुबळेपणाही. मग औषध प्रतिसाद आवरण्याचे द्यावे की वाढवण्याचे?

या प्रश्नावर संशोधकांनी अनेकदा हात पोळून घेतले आहेत. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक महागडे औषध पुढच्या चाचणीत निरुपयोगी ठरल्याने २०११ साली कंपनीने परत घेतले. "इतका पैसा पाण्यात गेला, आता पुरे," असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. करोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. औषध तेच, पण कोणत्या रुग्णाला आणि केव्हा, यात सारे मर्म! हे मर्म चाचण्यांवाचून कळणार कसे? फसलेली चाचणी ही बुडीत रक्कम नव्हे. प्रामाणिकपणे नोंदली तर ती पुढच्या संशोधनाचे भांडवल आहे.

आणि नोंदीचे बळ पाहायला परदेशी कशाला जावे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ खेड्यांत काम केले. तेथील आरोग्यसेविकांनी आधी घरोघरच्या नवजात बाळांचे आजार नोंदवले आणि मग त्यांवर उपचार केले. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले, अशा खुणांवरून सेप्सिस ओळखून त्या तोंडाने औषध आणि इंजेक्शन देत. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. सेप्सिस झालेल्या शंभर बाळांमागे पूर्वी सोळा-सतरा दगावत, तेथे हे प्रमाण तिनाच्या आत आले. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. खेड्यातल्या बायांना जे ओळखता आले, ते आम्हा शहरातल्या शिकलेल्यांना आले नाही, याची मला लाज वाटते.

म्हणून माझे म्हणणे दोनच गोष्टींचे आहे. दाखल्यावर सेप्सिसचे नाव स्पष्ट लिहिले जावे. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही आणि तरतुदीवाचून संशोधन होत नाही. दुसरे आपल्या हातचे आहे. जखम किंवा ताप असताना माणूस धापा टाकू लागला, बरळू लागला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. लागलीच दवाखाना गाठावा आणि संकोच न करता विचारावे, "डॉक्टर, हा सेप्सिस तर नव्हे?"

त्या रात्री आम्ही कोणीच हे विचारले नाही. मामांच्या दाखल्यातला शब्द आता बदलणार नाही. निदान आपल्या या अंकात तरी खरे कारण छापले जावे, एवढ्यासाठी हा लेख.