कागद जाळून कागद मिळत नाही

३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर जमावानं पेटवलं. त्याच दिवशी नगरपरिषदेची इमारतही पेटवली. आमदारांच्या घराचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले, फॉरवर्ड केले. नगरपरिषदेबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

नगरपरिषदेत काय असतं? जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची रजिस्टरं, नळाच्या फायली. म्हणजे कागदावरचे आपणच. आणि आंदोलनाचं बळ कशात होतं? जुन्या कुणबी नोंदींत! त्याच सुमारास मुख्यमंत्री एकनाथ शिंदे सांगत होते, की न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले आणि त्यात ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. एकीकडे सरकारी दप्तरात आपला हक्क शोधायचा आणि दुसरीकडे दप्तरच पेटवायचं, याला लढा कसं म्हणायचं? आग काही रजिस्टर वाचून पेटत नाही.

‘मग काय हातावर हात ठेवून बसायचं?’ प्रश्न खरा आहे. २०१६ पासून ५८ मूक मोर्चे निघाले, काच फुटली नाही. २०१८ मध्ये कायदा झाला, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. चीड यायलाच हवी. पण तो कायदा शांततेमुळे पडला नाही. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याचं कारण न्यायालयाला पटलं नाही म्हणून पडला. जाळपोळीनं ते कारण पटणार आहे का?

आणि सरकारनं काय धडा दिला? २६ जानेवारी २०२४, प्रजासत्ताक दिन. मोर्चा वाशीत येऊन थांबला, मुंबई तोंडावर. मग रातोरात ‘सगेसोयरे’ अधिसूचना निघाली. तीही नुसता मसुदा, हरकती मागवणारा! सकाळी गुलाल उधळला. राज्यघटनेच्या दिवशी राज्यानं सांगितलं, की कायदा घड्याळ लावून, गर्दी मोजून लिहिता येतो. असा घाईचा कायदा कोर्टात टिकला नाही, की पुन्हा फसवणूक कुणाची? आपलीच.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलं होतं, की सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्ग म्हणजे अराजकच. संविधानाची प्रत हातात घेऊन फोटो काढणारे सगळ्याच पक्षांत आहेत. हे वाक्य मात्र कुणालाच सोयीचं नाही.

नुकसान कुणाचं झालं तेही पाहा. पोलीस भरतीची, सैन्याची तयारी करणारी पोरं आपल्याकडं गावोगाव आहेत. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला, की पहाटेचं धावणं वाया. ‘गुन्हे मागे घेऊ’ असं नेते माइकवर म्हणतात. पण दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर खटला मंत्र्याच्या शब्दानं मागे जात नाही. सरकारी वकिलानं अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. तोवर वयाची अट कुणासाठी थांबत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी पेट्रोलची बाटली पुढं केली, तर एकच विचारा: तुमचा स्वतःचा मुलगा कुठं आहे?