बाजारतळ, मक्ता आणि वस्ती

ज्या गावाच्या आवारात सकाळी पुकारलेला कांद्याचा भाव दुपारच्या आत देशातील दूरदूरच्या आडतींवर जाऊन पोहोचतो, त्या लासलगावात व्यापाराला नियम असावेत की नसावेत हा वाद नव्याने घालण्याचे कारण उरलेले नाही. देश स्वतंत्र होत होता त्याच १९४७ साली येथे बाजार समिती स्थापन झाली. उघड लिलाव, खरे माप, ठरलेली हमाली-तोलाई आणि मुदतीत चुकते होणारे दाम या गोष्टी शेतकऱ्याच्या पदरात पडाव्यात, हा अशा समित्यांमागचा हेतू. त्यापूर्वी रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरविण्याची हत्तापद्धत, नमुन्याच्या नावाखाली ओंजळी-ओंजळीने उचलला जाणारा माल आणि कडता, धर्मादाय अशा नाना नावांनी होणारी कपात ही देशातील अनेक पेठांची रूढ रीत होती. वऱ्हाडात कारंजाचा कापूसबाजार १८८६ साली नियमाखाली आला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, मुंबई इलाख्याने १९३९ साली आपला कायदा केला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा कायदा आला. बाजार समित्यांच्या कारभाराविषयी आमच्या तक्रारी थोड्या नाहीत; परंतु ज्याच्या हाती तागडी नाही त्याला उभे राहावयास जी थोडी जागा मिळाली ती या नियमांनीच मिळाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

असे असता, समितीच्या फाटकाच्या आत ट्रॉलीभर उन्हाळ कांद्याला जो न्याय मिळतो, तो फाटकाबाहेर दर आठ दिवसांनी भरणाऱ्या बाजारात मेथीच्या एका पाटीला का मिळू नये, आणि त्या बाजाराच्या शेजारी ज्यांची घरे आहेत त्यांच्या उंबरठ्यालाही का मिळू नये, हा आमचा आजचा प्रश्न आहे. आठवडे बाजाराविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. बाजार वस्तीतून उठवा, हा एक. गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, हा दुसरा. दोन्ही सुरांत तथ्य आहे, आणि दोन्ही सूर मूळ दुखण्याला स्पर्श न करता वरूनच निघून जातात.

आठवडे बाजार म्हणजे केवळ भाजीपाल्याची खरेदी-विक्री नव्हे. कांद्याच्या खळ्यांवर दिवसभर बसून माल निवडणाऱ्या आणि गोण्या शिवणाऱ्या स्त्रियांना, द्राक्षबागांत छाटणी-विरळणी करणाऱ्या टोळ्यांना, वीटभट्टीवरच्या कुटुंबांना आठवड्याची मजुरी बहुधा बाजाराच्या दिवशीच हाती पडते, आणि त्या मजुरीतून पुढच्या आठ दिवसांचे तेल, मीठ, मिरची, मुलाची वही आणि सासूच्या गुडघ्याचे औषध त्याच संध्याकाळी घरी जाते. ज्या शेतकऱ्याजवळ लिलावात मांडण्याइतका माल नाही, ज्याच्या बांधावर चार वाफे शेपू आणि दोन वेल दोडक्याचे आहेत, त्याला या बाजाराइतके जवळचे दुसरे गिऱ्हाईक नाही. बांगड्यांची, भांड्यांची, बियाण्यांची, सुक्या मासळीची दुकाने मांडणारे फिरते व्यापारी तर वारांच्या हिशेबावरच जगतात. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, आणि सात दिवसांत वर्तुळ पूर्ण करून पुन्हा पहिल्या जागी. परिसरातील गावांनी आपापले वार निरनिराळे मुक्रर केले ते याच सोयीसाठी. पुण्याच्या पेठांना जी वारांची नावे आहेत, त्यांत या सप्ताहगणिताची खूण आजही उरली आहे. ही घडी शतकानुशतकांची असून कोणा एका ठरावाने ती मोडू पाहणे म्हणजे एका गावाबरोबर भोवतालच्या गावांचाही आठवडा विसकटून टाकणे होय. मार्च २०२० मध्ये साथीच्या भयाने राज्यातील आठवडे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या शेतातच पिवळ्या पडलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

आता रहिवाशांची बाजू. ती सांगताना तिला सुखवस्तूंची कुरकूर म्हणून हिणवण्याची एक पद्धत पडली आहे, ती आम्हांला मान्य नाही. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून दारासमोर पाल ठोकले जाते, घरच्या माणसाला आपल्याच ओट्यावरून उतरण्यासाठी परक्याची विनवणी करावी लागते, भोंग्यावरून एकच भाव दिवसभर कानी आदळतो, आणि रात्री सारे पांगल्यावर सडका पाला, कोबीची पाने, मासळीचे पाणी व आडोशाला साचलेली घाण घरवाल्याच्या नशिबी राहते. प्रसूतीची वेळ वार पाहून येत नाही. हृदयविकाराचा झटका बाजार उठण्याची वाट पाहत नाही. ज्या गल्लीत रुग्णवाहिका शिरू शकत नाही, ज्या बोळात आगीचा बंब वळू शकत नाही, तेथे राहणाऱ्या माणसाने शांतता आणि वाट मागितली तर तो आपला प्राथमिक हक्कच मागत असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. बाजाराच्या दिवशी ती मर्यादा कोणी मोजावयास जातो असे ऐकिवात नाही.

मग दुखणे कोठे आहे? आमच्या मते ते दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही ठिकाणे विक्रेत्याच्या पथारीपासून दूर, दफ्तरात आहेत. पहिले, बाजारतळाचे आक्रसणे. जुन्या गावांच्या रचनेत बाजाराला स्वतंत्र तळ असे. तो बहुधा वेशीजवळ किंवा ओढ्याकाठी असून गुरांना पाणी, गाड्या सोडण्यास मोकळीक आणि झाडांची सावली एवढ्या गोष्टी पाहून नेमलेला असे. पुढे गाव वाढले आणि वेशीबाहेरचा तळ वस्तीच्या मध्यभागी आला. इतके होऊनही तळ तळ राहिला असता तर निभावले असते. परंतु महाराष्ट्रातील किती गावांत त्या तळाच्या कडेने पक्के गाळे उभे राहिले, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्यात सभामंडप आला, आणि उरलेल्या जागेत न मावणारा बाजार शेजारच्या गल्ल्यांत सांडला, याचा हिशेब त्या त्या गावाने आपल्या मनाशी करावा. ज्यांनी तळ व्यापला त्यांना भाडेपावत्या मिळाल्या, आणि ज्यांना तळावरून सरकावे लागले त्यांना अतिक्रमण करणारे हे नाव मिळाले.

दुसरे दुखणे मक्त्याचे. बाजारात बसणाऱ्याकडून जी बाजार फी घेतली जाते, जिला आपल्याकडे भुईभाडे असेही म्हणतात, तिच्या वसुलीचा वर्षाचा लिलाव करून ठेका देण्याची वहिवाट आहे. स्थानिक संस्थेला एकरकमी उत्पन्न मिळते, कारकुनाचा त्रास वाचतो, म्हणून ती सोयीची वाटते. परंतु जो मक्तेदार मोठी रक्कम बोलून मक्ता घेतो, त्याचे हित कशात असते? जितक्या पथाऱ्या अधिक तितक्या पावत्या अधिक. गल्लीच्या तोंडाशी बसू नको, वाट अडवू नको, असे विक्रेत्याला सांगण्यात त्याचा तोटाच असतो, आणि म्हणून कोणी सांगत नाही. ओळीतली शेवटची पथारी तुमच्या दारापर्यंत येते त्याचे कारण ती मांडणाऱ्या म्हातारीच्या हट्टात कमी आणि वसुलीच्या या रचनेत अधिक आहे. ती म्हातारी तर पैसे देऊन बसलेली असते. ज्या जागेचे आपण पैसे घेतले त्याच जागेसाठी तिला अपराधी ठरविणे, हा सार्वजनिक व्यवहारातील अप्रामाणिकपणा आहे. त्याला दुसरा शब्द आम्हांला सुचत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता स्थिती विचित्र आहे. रस्त्यावर व्यवसाय करणे हा संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाखाली येणारा हक्क आहे, पण अमुकच जागी ठाण मांडण्याचा हक्क कोणालाही नाही, असा तोल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात साधला. त्याच विचाराचा विस्तार होऊन २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा झाला. सर्वेक्षण झाल्यावाचून कोणास उठवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले असावेत व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, जेथे ग्राहक व विक्रेते परंपरेने एकत्र येत आले आहेत असा स्वाभाविक बाजार विक्रीस मना असलेले क्षेत्र म्हणून घोषित करता येऊ नये, स्थलांतर शक्यतो टाळावे, अशी त्याची कलमे व परिशिष्टे वाचताना समाधान वाटते. परंतु त्या कायद्याचे पहिलेच वाक्य शहरी पथविक्रेत्यांचा निर्देश करते. महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत, कटकमंडळ यांची नावे त्यात आहेत, ग्रामपंचायतीचे नाही. रेल्वेच्या हद्दीतील जागाही त्याने वगळल्या आहेत. म्हणजे नाशिकात गोदाकाठी बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या बाईला जे संरक्षण कागदावर तरी आहे, तेच संरक्षण तीच बाई दुसऱ्या दिवशी निफाड तालुक्यातील एखाद्या गावात जाऊन बसली की गळून पडते. बाई तीच, पाटी तीच, भाजी तीच. वार आणि हद्द तेवढी बदललेली.

ही पोकळी राज्याने भरून काढली पाहिजे, आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची जरुरी नाही. बाजार आणि जत्रा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे सोपविलेला आहे, आणि त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आणलेल्या अकराव्या अनुसूचीत तो पंचायतींच्या विषयांतही गणला गेला आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने बाजारावर फी आकारण्याचा अधिकार गावाला दिलाच आहे. अधिकार घेतला, उत्पन्न घेतले, मग त्यातून निपजणारे कर्तव्य तेवढे कोणाच्या माथी? आमचे म्हणणे एवढेच की, जो फी घेतो त्याने जागा दाखवावी, वाट मोकळी ठेवावी, पाणी पुरवावे आणि बाजार उठल्यावर त्याच रात्री जमीन धुऊन द्यावी. पॅरिससारख्या शहरात वस्तीतल्या रस्त्यांवर आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी बाजार भरतो, दुपारी उठतो, आणि लगोलग नगराचे सफाई कामगार रस्ता धुऊन काढतात. तेथील रहिवाशाला बाजार शेजारी असणे हे भाग्य वाटते, ते या धुण्यामुळेच.

उपाय अवघड नाहीत. बाजारतळाची मोजणी करून त्याची मूळ हद्द पुन्हा दफ्तरातून बाहेर काढावी. जागांना क्रमांक देऊन जमिनीवर चुन्याची रेघ मारावी. आणि जितके क्रमांक तितक्याच पावत्या, हे तत्त्व मक्त्याच्या अटींत पहिल्या ओळीत घालावे. त्याहून उत्तम म्हणजे मक्ता पद्धतच बंद करून गावातील एखाद्या महिला बचत गटाकडे ठरावीक मोबदल्यावर वसुली सोपवावी, म्हणजे अधिक पथाऱ्या बसविण्यात कोणाचाच स्वार्थ राहणार नाही. गल्ल्यांतील ज्या विक्रेत्यांना तळावर आणावयाचे, त्यांत जुन्या वहिवाटीला आणि स्वतः पिकविणाऱ्याला अग्रक्रम असावा. भोंगे सर्वथा बंद असावेत. आठवडे बाजारातील काटे वैध मापन खात्याने वर्षातून निदान एकदा बाजारातच येऊन तपासावेत. आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवे. या एका गोष्टीवर आम्ही मुद्दाम थांबतो, कारण भाजी विकणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असतो, पहाटे घर सोडून दिवस मावळेपर्यंत त्या एका जागी बसतात, आणि लघवीला जावे लागू नये म्हणून कडक उन्हात पाणी न पिता दिवस काढतात. त्यांच्याकडून वर्षानुवर्षे पावती फाडून पैसे घेणाऱ्या व्यवस्थेला या गोष्टीची लाज वाटली पाहिजे.

एका उपायाविरुद्ध मात्र आम्ही आताच सावध करू इच्छितो. बाजार उचलून गावाबाहेर दूरच्या माळावर नेण्याची कल्पना सोपी दिसते आणि सभेत टाळ्या मिळवते. परंतु खळ्यावरून सुटलेली बाई संध्याकाळी पायी तेथवर जाणार नाही, म्हणून गिऱ्हाईक तुटेल. गिऱ्हाईक तुटले की विक्रेता महिनाभरात पुन्हा जुन्या गल्लीत येऊन बसेल, आणि या वेळी त्याच्यापाशी जागाही नसेल व पावतीही नसेल. मग हप्ता घेणारे हात पुढे येतील. वस्तीचा त्रास त्याने तसूभरही कमी होणार नाही.

बाजार फीच्या पुढील वर्षाच्या लिलावाची तयारी मार्चच्या सुमारास सुरू होते. त्यापूर्वी ग्रामसभेत एकाच सतरंजीवर बाजारात बसणाऱ्या स्त्रिया आणि गल्लीत राहणारी कुटुंबे यांना समोरासमोर बसवावे, बाजारतळाचा मोजणी नकाशा चावडीवर लावावा, आणि त्या नकाशावर जागा किती हे ठरेपर्यंत मक्त्याची बोली सुरू करू नये, अशी आमची लासलगावच्या कारभाऱ्यांना विनंती आहे.