‘सिडिशन’ म्हणजे देशद्रोह नाही! मग नेमकं काय?

सरकारवर टीका करणारी पोस्ट दिसली की कमेंटमध्ये ‘देशद्रोही’ असा शिक्का लगेच मारला जातो. बातम्यांमध्येही ‘सिडिशन’साठी कधी राजद्रोह, तर कधी देशद्रोह असा शब्द वापरतात. पण भारतीय दंड संहितेतलं कलम १२४अ राजद्रोहाचं होतं. म्हणजे गुन्हा सरकारविरुद्धचा, देशाविरुद्धचा नाही.

गंमत म्हणजे ‘सिडिशन’ हा शब्द कलमाच्या फक्त शीर्षकात होता. मजकुरात शब्द होता ‘डिसअफेक्शन’, मराठीत अप्रीती. सगळा घोळ या एका शब्दाने घातला.

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये याच कलमाखाली खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला अर्थ सांगितला: डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! सहा युरोपीय ज्युरर दोषी म्हणाले, तीन भारतीय निर्दोष. शिक्षा झाली १८ महिन्यांची. १९०८ च्या खटल्यात तर ‘केसरी’तल्या मराठी लेखांचं इंग्रजी भाषांतरच चुकीचं आहे, असं टिळकांनी कोर्टात मांडलं. तरीही सहा वर्षं मंडाले.

स्वातंत्र्यानंतरही कलम राहिलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याला वेसण घातली: नुसती टीका, मग ती कितीही कडक असो, राजद्रोह नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी हवी. मे २०२२ मध्ये कोर्टाने या कलमाचा वापरच थांबवायला सांगितलं.

मग आता राजद्रोह संपला का? शब्द गेला, एवढं नक्की. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आहे. त्यात सरकारऐवजी देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांचा उल्लेख आहे. म्हणजे राजद्रोहाकडून खरंच देशद्रोहाकडे. पण ‘फुटीरतावादी कारवायांच्या भावनांना प्रोत्साहन’ यासारखी शब्दरचना मला तरी ‘अप्रीती’इतकीच सैल वाटते. जन्मठेपेची तरतूद कायम आहे. पर्यायी कैद मात्र तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढली.

आणि टिळकांच्या काळात नसलेली एक गोष्ट या कलमात स्पष्ट लिहिली आहे: ‘इलेक्ट्रॉनिक संवाद’. त्यात तुमची पोस्टही आली.