सूप कशाचें?

घराबाहेर जेवणें हा आमच्या पिढीस सणाचा नव्हे, संकटाचा प्रसंग वाटे. सानगडीहून साकोलीस अगर भंडाऱ्यास कामानिमित्त जाणें झालें, तर दशम्यांचा डबा पिशवींत असे. तो नसल्यास केळ्यांवर भागे. तेव्हां परवा श्रावणांत पुण्यास मुलाकडे गेलों असतां, ‘रविवारीं आपण सगळीं जपानी-कोरियन उपाहारगृहांत जेवावयास जाऊं,’ असें सूनबाईंनीं जाहीर केलें, त्या वेळीं आमच्या कुटुंबाच्या चेहऱ्यावर जें उमटलें त्याचें वर्णन न केलेलेंच बरें. सूनबाईंना कचेरींत बढती मिळाली होती, आणि त्या आनंदाचें जेवण त्यांना स्वतःच्या कमाईंतून घालावयाचें होतें. नाहीं म्हणावें तर मुलीचें मन मोडतें. होय म्हणावें तर चातुर्मास, कांदा-लसूण वर्ज्य.

शिवाय मागचें एक दुखणें होतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका परक्या शहरीं याच मुलांनीं मोठ्या हौसेनें आम्हांस जेवावयास नेलें होतें. ‘शाकाहारी’ म्हणून पुढें आलेलें सूप मासळीच्या पाण्याचें होतें, हें वाटी रिकामी झाल्यावर कळलें. सौभाग्यवतींनीं कोणास बोल लावला नाहीं. दोन दिवस अन्न घेतलें नाहीं, इतकेंच. परंतु त्यानंतर सुनेबरोबर बाहेर जेवणें त्यांनीं कायमचें टाळलें, आणि त्याचें शल्य दोघींनाही होतें.

पुण्यास असलीं उपाहारगृहें कां निघालीं, हें समजणें कठीण नाहीं. चाकण, तळेगांव, रांजणगांव या बाजूस जपानी व कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांचे लोक येथें राहतात, आणि माणूस कोठेंही गेला तरी जीभ बरोबर नेतो. परंतु हे दोन देश एका ताटांत कसे आले, याचें मला नवल वाटत होतें. १९१० पासून १९४५ पर्यंत जपाननें कोरियावर राज्य केलें, आणि त्या राज्याच्या आठवणी गोड नाहींत. तरीही समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यांत भात गुंडाळण्याची जपानी रीत कोरियांत रुजून तिचें ‘किंबाप’ झालें. उलट, मेजावरील शेगडीवर मांस भाजण्याचा जो ‘याकिनिकु’ प्रकार जपानांत लोकप्रिय आहे, तो तेथें स्थायिक झालेल्या कोरियन लोकांनीं वाढविला. म्हणजे हा संकर आजकालच्या पोरांचा चाळा नव्हे; त्याच्या मागें एका शतकाचें सुखदुःख आहे.

मांसाचा विषय निघालाच म्हणून सांगतों: जपानांत इ. स. ६७५ मध्यें सम्राट तेन्मु यानें गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचें मांस खाण्यास बंदी केली होती, आणि १८७२ मध्यें मेइजी सम्राटानें गोमांस खाल्ल्याची वार्ता मुद्दाम प्रसिद्ध करण्यांत आली. मासळीस मात्र बंदी नव्हती, आणि आमची खरी अडचण तीच. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नांवाचें पाणी. तें बहुधा वाळविलेल्या मासळीच्या कीसाचें असतें. कोरियन ‘किमची’ दिसावयास कोबीचें तांबडें लोणचें. पण तिच्यांत खारविलेले बारीक झिंगे किंवा मासळीचा अर्क घालण्याचा प्रघात आहे. मांसाचा तुकडा डोळ्यांस दिसतो, हें दिसत नाहीं.

आम्ही जाऊन बसलों. पदार्थांची यादी समोर येतांच सूनबाईंनीं पिशवींतून एक कागद काढला. दोन दिवस आधीं कचेरींतून परततांना त्या एकट्याच येथें येऊन, आचाऱ्यास भेटून, प्रत्येक पदार्थांत काय पडतें तें लिहून घेऊन गेल्या होत्या! किमची: झिंगे. भोपळ्याचें टेम्पुरा: पिठांत अंडें. लाल चटणी गोचुजांग: लसूण. मुलानेंही तो कागद प्रथमच पाहिला. सौभाग्यवतींनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला, आणि कांहीं न बोलतां घडी घालून आपल्या बटव्यांत ठेवला.

तरीही वाढणारा तरुण आला तेव्हां त्यांनीं विचारलेंच, “सूप कशाचें?” तो मणिपूरचा पोरगा मुळींच रागावला नाहीं. आंत जाऊन त्यानें वाळलेल्या समुद्रवनस्पतीची एक काळसर पट्टी आणून त्यांच्या हातावर ठेवली. हिचें नांव कोंबू. हिच्याच पाण्यांतील रुचि कशाची, याचा शोध १९०८ मध्यें प्रोफेसर इकेदा यांनीं लाविला. जपानी मठांत दाशी मासळीवांचून, कोंबू आणि वाळलेल्या अळंब्यांची करतात. कोरियन भिक्षूंचा नियम तर आमच्या चातुर्मासाचा सख्खा भाऊ: कांदा, लसूण आणि त्यांचे भाऊबंद मठांत वर्ज्य. त्या वर्ज्य पांचांत पांचवें नांव हिंगाचें, हें मीं सांगतांच सौभाग्यवती उद्गारल्या, “अगबाई! मग फोडणीला घालतात तरी काय?”

भाताविषयीं मात्र मतभेद राहिला. तळ्यांच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या मुलखांतलीं आम्ही माणसें. चिन्नोरचा भात म्हणजे शीत न् शीत मोकळें आणि वास ओसरीपर्यंत. येथला भात चिकट. दोन काड्यांनीं उचलावयाचा तर तो चिकटच हवा, हें बुद्धीस पटलें, जिभेस पटलें नाहीं. जपानी मनुष्य भाताची वाटी हातीं उचलून खातो. कोरियन ती मेजावरच ठेवतो आणि चमचा वापरतो. आम्हीं अर्थातच कोरियन पंथ धरिला.

‘बिबिंबाप’ आलें. मांस, अंडें, कांदा, लसूण कांहीं नाहीं. भातावर गाजर, काकडी, पालक, अळंबी वेगवेगळीं रांगोळीसारखीं मांडलेलीं, आणि खाणाऱ्यानें तें सारें कालवावयाचें. सौभाग्यवतींनीं कालवलें, एक घांस घेतला, आणि म्हणाल्या, “अहो, हा तर काला!” मग सुनेकडे वळून, “तुझ्या वाटींत दे थोडा?” सूनबाईंनीं वाटी पुढें केली. त्यांचे डोळे भरून आले होते. पण तें तिखटानेंही असेल, मीं विचारलें नाहीं.

बिलाचा आंकडा सांगत नाहीं. सानगडीस परततांना सूनबाईंनीं कोंबूचें एक पुडकें आमच्या सामानांत घातलें. तें सध्यां आमच्या फडताळांत हिंगाच्या डबीशेजारीं आहे. कार्तिकी एकादशी झाली कीं वरणांत एक पट्टी घालून पाहावयाची, असें ठरलें आहे; सासू-सुनेचा त्याबाबत दूरध्वनीवर दर दोन दिवसांनीं खल चालतो.