अनाड्याचा कारभार

चीनमधील सूचौ शहरातली 'झ्वोचंग युआन' ही बाग पाहून आलेले आपले प्रवासी तळी, कमळे आणि नागमोडी पूल यांविषयी भरभरून बोलतात. ते सारे तेथे आहेच. पण माझ्या मते ही बाग पाहण्याहून अधिक वाचण्याची आहे, आणि तिच्या रूढ इंग्रजी नावानेच हे वाचन अवघड करून ठेवले आहे.

इंग्रजीत तिला 'विनम्र प्रशासकाची बाग' अशा अर्थाचे नाव आहे. मूळ 'झ्वो' या अक्षराचा अर्थ मात्र अनाडी, हातोटी नसलेला असा होतो. तिसऱ्या शतकातील कवी फान युए याने झाडांना पाणी घालणे नि भाजी विकणे हाच आपल्यासारख्या अनाड्याचा राज्यकारभार, अशा आशयाचे लिहिले होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी दरबारी राजकारणात पोळलेला वांग श्येनछन गावी परतला आणि त्याने बागेसाठी हेच शब्द उचलले. त्यातला टोला 'विनम्र' या शब्दात पार विरून जातो.

अर्थात या अनाडीपणावर कितपत विश्वास ठेवावा? एवढ्या विस्तीर्ण बागेचा धनी भाजी विकून पोट भरत नसतो. निवृत्तीचे साहित्य बहुधा ज्यांना निवृत्ती परवडत होती त्यांनीच लिहिले. (खुद्द फान युएलाही दरबार सुटला नाही, इ.स. 300 मध्ये सत्तासंघर्षातच त्याला देहदंड झाला.) विद्यार्थ्यांना ही बाग शिकवायची तर सौंदर्याबरोबर हे ढोंगही शिकवावे लागेल.

तरीही शब्दांची सत्ता नाकारता येत नाही. चित्रकार-कवी वेन चंगमिंग याने 1533 मध्ये या बागेची 31 दृश्ये चितारली आणि प्रत्येकासोबत कविता लिहिली. पुढे बागेचे मालक बदलले, तुकडे पडले. आज दिसणारी रचना बव्हंशी छिंग काळातली आहे. वांगची बाग शोधायची तर वेनकडेच जावे लागते. चिनी रसिकाला यात नवल वाटणार नाही. 'लाल महालाचे स्वप्न' या अठराव्या शतकातील कादंबरीच्या सतराव्या प्रकरणात नव्या बागेतून हिंडताना बाप मुलाला एकेका स्थळाचे नाव सुचवायला लावतो, कारण नाव कोरल्यावाचून बाग पुरी झालेली नसते. एका परीने ती साहित्याची तोंडी परीक्षाच, आणि आमच्या परीक्षांहून पुष्कळ कठीण.

झ्वोचंग युआनच्या पश्चिम भागात पंख्याच्या आकाराचा एक लहानसा मंडप आहे. त्याचे नाव 'कोणासवे बसावे?' या प्रश्नाचे उत्तर सू शी याच्या गीतात आहे: चंद्र, वारा आणि आपण स्वतः. ते गीत ठाऊक नसलेल्याला तेथे पाण्याकाठची एक सोयीची बैठक तेवढी दिसते, आणि तो सोबत्यांना हाक मारून छायाचित्रासाठी बोलावतो.