हाताची घडी, तोंडावर बोट

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेत पालकसभा झाली. नावाला पालकसभा. जमलेल्या सगळ्या आया. दोन-तीन बाप दाराशी उभे, तेही निघायच्या घाईत. प्रत्येकीच्या हातात एक छापील कागद दिला : ‘मुलांना अभ्यासाच्या चांगल्या सवयी कशा लावाल?’ रोज ठरलेल्या वेळी अभ्यासाला बसवा. घरातला शांत कोपरा द्या. आईने रोज वह्या बघाव्यात. ‘आईने’ हा शब्द त्यात सहा वेळा होता, मी मोजला. ‘वडिलांनी’ एकदाही नाही.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईला तो कागद वाचता येत नव्हता. चार घरची धुणीभांडी उरकून ती आली होती. सगळ्यांसमोर तिला ऐकवलं गेलं, “मुलीच्या अभ्यासाकडे तुमचं लक्षच नाही.” ती काही बोलली नाही. पदर सावरून खाली बसली.

मैत्रिणींनो, सवयींना माझा विरोध नाही. रोज थोडं वाचणं, अडलं की विचारणं, चुकलं तर पुन्हा करून बघणं, हे लहानपणीच अंगवळणी पडलं पाहिजे. पण सवय हवेत लागत नाही. तिला वेळ लागतो, जागा लागते. आणि घरात वेळ कुणाच्या वाट्याला येतो?

त्या बाईची मुलगी तिसरीत आहे. शाळेतून आली की धाकट्याला कडेवर घेते. संध्याकाळी सहाला नळ येतो, म्हणजे नेमकी कागदावरची अभ्यासाची वेळ. ती हंडा घेऊन रांगेत असते तेव्हा पाचवीतला भाऊ दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेला असतो. शाळेच्या लेखी तो नियमित, ती आळशी!

सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. ही पाहणी वयाच्या सहाव्या वर्षापासून पुढच्यांची आहे. सहावं वर्ष म्हणजे पहिलीचं वर्ष. पाटी आणि केरसुणी बरोबरच हातात येतात.

दुसऱ्यांना कशाला बोलू? माझा मुलगा अभ्यासाला बसला की मी पावलं न वाजवता चालत असे. मुलगी बसली की, “जरा कुकरकडे बघ गं.” समानतेवरच्या शिबिरात बोलून आले त्या दिवशीसुद्धा! चौथीत असताना ती म्हणाली, “आई, माझा अभ्यास मोडला तर चालतो का?” मला उत्तर देता आलं नाही. कुकर मीच उतरवला.

आणि ‘चांगली वृत्ती’ म्हणजे तरी काय? हाताची घडी, तोंडावर बोट. गप्प बसणारी, सुवाच्य अक्षराची, कधी न विचारणारी मुलगी ‘गुणी’ ठरते. ही अभ्यासाची नव्हे, सासरची तयारी आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेदांवर हक्क सांगणाऱ्यांना तिने त्यात जाब विचारला. तोंडावर बोट ठेवून ती बसली असती तर? प्रश्न विचारणं हीच शिकण्याची पहिली सवय, आणि नेमकी तीच आपण मुलींची मोडतो.

मग करायचं काय? शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. आपल्यापैकी किती जणी तिथे नुसती सही करून येतात? तिथे बोलू या. पालकसभा कामावरच्या बायांना जमेल अशा वेळी घ्या म्हणू या. बापाला नाव घालून बोलवा म्हणू या. घरी कोपरा नसेल त्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवा, हे मागू या. भीक नव्हे, हक्क म्हणून.

आणि घरी? हंडा आज तिने आणला तर उद्या भावाने आणावा. परवा बापाने. चांगली सवय लावायचीच तर तिथून लावू.